योगायोग आणि आरोप

मनुष्याच्या मनास योगायोग सहन होत नाही. एखादी गोष्ट नित्यापेक्षा निराळी घडली की ती 'कशी' घडली हे विचारण्याच्या आधीच ती 'कोणी' घडवली असे विचारण्याकडे त्याचा ओढा असतो. गावात लागोपाठ चार गुरे मेली तर पूर्वी करणीची चर्चा सुरू होई. आज सुशिक्षित घरांत करणीचे नाव कोणी काढीत नाही, परंतु एकाच पाकशाळेत जेवलेले चार जण आजारी पडले तर आचाऱ्याचे नाव मात्र तत्काळ निघते. नावे बदलली, वृत्ती बदलली नाही. या वृत्तीत निव्वळ मूर्खपणा आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. कारण कित्येकदा आचारी खरोखरच दोषी असतो. प्रश्न असा आहे की, कोणती गोष्ट विलक्षण मानावी, आणि ती विलक्षण ठरल्यावर तिच्या बळावर एखाद्या मनुष्यास दोष देण्याचा अधिकार आपणास कितपत प्राप्त होतो? यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणिताने बरेच समाधानकारक दिले आहे. दुसरा प्रश्न नीतीचा आहे. पहिल्याचे उत्तर हाती आले म्हणजे दुसऱ्याचेही आले, असा समज फार पसरलेला आहे. तो समज चुकीचा आहे हे दाखविण्याचा या लेखात आमचा विचार आहे. आणि ती चूक आम्ही स्वतः केलेली असल्यामुळे त्याविषयी लिहिण्याचा थोडासा अधिकारही आम्हांस आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. संभवशास्त्राचे प्रकरण शिकविण्यापूर्वी आम्ही वर्गातील साठ विद्यार्थ्यांना एक गृहपाठ दिला. प्रत्येकाने घरी नाणे शंभर वेळा उडवावे आणि छापा-काटा जसा पडेल तसा क्रमाने लिहून आणावा, एवढेच काम होते. दुसऱ्या दिवशी बहुतेकांचे छापे चाळीस ते साठ यांच्या दरम्यान आले. एका चुणचुणीत मुलाने बरोबर पन्नास आणले. त्याचे आम्ही कौतुक केले. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, खेड्यातून आलेल्या एका अबोल मुलाच्या कागदावर मात्र अडुसष्ट छापे होते. आम्ही तो कागद वर धरला आणि सर्वांदेखत म्हटले, "खोटे लिहावयाचे तर निदान पटेल असे तरी लिहावे." वर्ग हसला. तो मुलगा उभा राहिला, "सर, मी खरेच केले," एवढे म्हणाला, आणि खाली बसला. त्यानंतर आम्ही फळ्याकडे वळून, त्याचा आकडा का अशक्यप्राय आहे हे मोठ्या उत्साहाने सिद्ध करून दाखविले.

ते गणित येथे सांगितले पाहिजे, कारण गणितात चूक नव्हती. ज्या प्रयोगात प्रत्येक खेपेस दोनच निष्पत्ती संभवतात, खेपांची संख्या आधी ठरलेली असते, प्रत्येक खेपेस यशाचा संभव तोच राहतो, आणि एका खेपेचा परिणाम दुसरीवर होत नाही, त्यास द्विपदी प्रयोग म्हणतात. नाणेफेक हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण. खेपांच्या संख्येस यशाच्या संभवाने गुणले की अपेक्षित संख्या मिळते. शंभर नाणेफेकींत ती पन्नास. या संख्येस पुन्हा अपयशाच्या संभवाने गुणून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन मिळते. येथे पंचवीसचे वर्गमूळ, म्हणजे पाच. अपेक्षित संख्येभोवती प्रत्यक्ष आकडे किती पसरावेत याचे हे माप होय. खेपा पुरेशा असल्या तर सुमारे ६८ टक्के निकाल अपेक्षित संख्येच्या दोहों बाजूंस एका प्रमाण विचलनाच्या आत पडतात, सुमारे ९५ टक्के दोहोंच्या आत, आणि सुमारे ९९.७ टक्के तिहींच्या आत. शंभर नाणेफेकींत ४० ते ६० ही नेहमीची मर्यादा, आणि ३५ ते ६५ ही जवळजवळ शेवटची. अडुसष्ट हा आकडा पन्नासापासून साडेतीन प्रमाण विचलनांहूनही अधिक दूर आहे.

या नियमाचे मूळ अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञापाशी जाते. फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांच्या छळामुळे तो देश सोडून लंडनला आला आणि शिकवण्या करून पोट भरीत राहिला. १७३३ साली त्याने दाखवून दिले की, नाणेफेकीसारख्या प्रयोगाच्या खेपा वाढवीत गेल्यास निकालांची मांडणी एका ठराविक घंटाकार रेषेच्या जवळ जाते. आणि पहिल्या मर्यादेचा ६८ टक्क्यांचा आकडाही त्यानेच काढला. ज्यास हे सर्व पुस्तकी वाटेल त्याने जॉन केरिचची हकीकत ऐकावी. हा दक्षिण आफ्रिकेतील गणिताचा अध्यापक १९४० साली डेन्मार्कमध्ये असताना जर्मन सैन्याने तो देश व्यापला आणि त्यास नजरकैदेत राहावे लागले. वेळ घालविण्यास त्याने एक नाणे दहा हजार वेळा उडविले. छापे पडले ५,०६७. दहा हजार खेपांत अपेक्षित संख्या ५,००० आणि प्रमाण विचलन ५०. म्हणजे केरिचचा आकडा दीड प्रमाण विचलनाच्याही आत होता. बंदिवासातही नियम आपले काम करीत होता.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. खेपा शंभरपट झाल्या तरी प्रमाण विचलन दहापटच वाढते. शंभर खेपांत साठ छापे म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या काठावरची गोष्ट. पण दहा हजारांत सहा हजार छापे म्हणजे अपेक्षेपासून वीस प्रमाण विचलने दूर, म्हणजे निष्पक्ष नाण्याकडून कधीच न घडणारी गोष्ट. प्रमाण दोन्हीकडे तेच, शेकडा साठ. अर्थ मात्र दोन टोकांचे. लहान गावातील टक्केवारी पाहून घाबरणे आणि मोठ्या देशातील तेवढीच टक्केवारी पाहून स्वस्थ बसणे, या दोन्ही चुका याच अज्ञानातून होतात.

असो. तीन आठवड्यांनी तो मुलगा आमच्या खोलीत आला आणि खिशातून एक जुने, कडा झिजलेले नाणे काढून म्हणाला, "सर, याच नाण्याने केले होते. आपल्यासमोर करून दाखवतो." आम्ही बरे म्हटले. त्याने नाणे उडविले नाही. मेजावर उभे धरून टिचकी मारली आणि भोवऱ्यासारखे फिरविले. वसतिगृहाच्या खोलीत तिघे राहत; उडविलेले नाणे खाटांखाली जाई, म्हणून त्याने ही युक्ती काढली होती, आणि उडविणे व फिरविणे यांत काही भेद असेल हे त्याच्या मनातही आले नव्हते. पण भेद आहे. हवेत उडविलेले नाणे दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखाच न्याय देते. मेजावर फिरणारे नाणे मात्र कडेच्या घडणीप्रमाणे एका बाजूस स्पष्ट झुकते माप देऊ शकते. आमच्यासमोर पन्नास खेपांत तेहतीस छापे पडले. त्या मुलाने एक अक्षरही खोटे लिहिले नव्हते. आणि पन्नास छापे आणणारा तो चुणचुणीत विद्यार्थी? पदवी घेऊन निरोपास आला तेव्हा त्याने हसत हसत कबूल केले की, तो सगळा कागद त्याने चहाच्या दुकानात बसून मनानेच लिहिला होता. तो कागद आम्ही नीट पाहिला असता तरी हे कळले असते. कारण त्यात छापा किंवा काटा सलग चार वेळांपेक्षा अधिक कोठेच आला नव्हता, आणि खऱ्या शंभर नाणेफेकींत सलग पाच तरी सारखे येण्याचा संभव शेकडा ९७ च्या आसपास असतो. सत्याचा चेहरा ओबडधोबड होता म्हणून आम्ही त्यास खोटे म्हटले, आणि खोट्याने सत्याचा गुळगुळीत मुखवटा घातला म्हणून त्यास शाबासकी दिली.

मग आमची चूक नेमकी कोठे झाली? अडुसष्ट हा आकडा विलक्षण आहे असे नियम म्हणाला, ते खरेच होते. नियमाने सांगितले होते ते एवढेच की, "निष्पक्ष नाणे, निष्पक्ष रीतीने, शंभर वेळा उडविले असे गृहीत धरले तर असा आकडा फार क्वचित यावा." या वाक्यात 'तर' हा शब्द आहे, आणि सर्व भार त्या 'तर' वर आहे. गृहीत डळमळले, म्हणजे पुढे चार वाटा उघड्या होतात. कदाचित तो क्वचितचा योगच आला असेल. कदाचित रीत निराळी असेल. कदाचित मोजण्यात गफलत असेल. कदाचित लबाडी असेल. नियम आम्हांस या चौरस्त्यापर्यंत आणून सोडतो आणि तेथेच थांबतो. आम्ही मात्र न थांबता चौथ्या वाटेने धावत सुटलो. ती वाट का धरली? तो मुलगा अबोल होता, शेवटच्या बाकावर बसत होता, त्याची भाषा गावाकडची होती. ही कारणे गणितातील नव्हती. पण गणिताच्या आडोशाने ती आमच्या मनात शिरली आणि गणिताचाच वेष घेऊन बाहेर पडली. या नियमाच्या वापरातील खरा नैतिक धोका आम्हांस येथे दिसतो. नियम आकड्याविषयी बोलतो. माणसाविषयीचे वाक्य आपण आपल्या पूर्वग्रहातून भरतो, आणि मग दोन्ही वाक्ये शास्त्राच्या एकाच शिक्क्याखाली खपवितो.

अशी उडी घेणारे आम्हीच पहिले नव्हे. १७१० साली जॉन आर्बथनॉट या वैद्याने, जो इंग्लंडच्या ॲन राणीचा राजवैद्य होता, एक निबंध प्रसिद्ध केला. लंडनमध्ये १६२९ पासून बाप्तिस्मा झालेल्या मुलांची व मुलींची नोंद त्याने तपासली; ब्याऐंशी वर्षांपैकी ब्याऐंशीही वर्षी मुलगे अधिक निघाले. मुलगा व मुलगी यांचा संभव सारखा असता, तर असे घडणे म्हणजे ब्याऐंशी नाणेफेकींत ब्याऐंशी छापे पडण्यासारखे. तेव्हा हा योगायोग नव्हे, असे आर्बथनॉट म्हणाला, आणि तेथपर्यंत तो बरोबर होता. परंतु लगेच पुढच्या पावलास त्याने निष्कर्ष काढला की, हे ईश्वरी योजनेचे प्रमाण होय. युद्धांत व संकटांत पुरुष अधिक मरतात म्हणून दयाळू विधात्याने मुलगे अधिक जन्मास घातले! निकोलस बर्नुलीने यावर साधे उत्तर दिले. पस्तीस बाजूंचा एक फासा कल्पावा, त्याच्या अठरा बाजूंवर मुलगा आणि सतरा बाजूंवर मुलगी लिहावी. वर्षास चौदा हजार जन्म धरले तर अशा फाशाने दरवर्षी सुमारे ७,२०० मुलगे व ६,८०० मुली पडाव्यात. संभव समान धरला तर ७,२०० हा आकडा साडेसात हजारांत नव्हे, सात हजारांच्या अपेक्षेपासून तीन प्रमाण विचलनांहून दूर, म्हणून चमत्कार वाटावा असा. संभव अठरास सतरा धरला तर तोच आकडा अगदी सामान्य. चमत्कार निसर्गात नव्हता, गृहीतात होता. ईश्वर आहे की नाही हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. पण त्या आकड्यांनी तो सोडविला होता, हा भ्रम मात्र दूर झाला.

आर्बथनॉटने आकड्यांवरून ईश्वरास श्रेय दिले. त्यात कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. जेथे आकड्यांवरून माणसास दोष द्यावयाचा असतो, तेथे मात्र चौरस्त्यावर थांबणे हा केवळ तर्काचा नव्हे, न्यायाचा प्रश्न होतो. याची दोन उदाहरणे आम्ही शेजारी शेजारी ठेवतो.

पहिले अमेरिकेतील. टेक्सास संस्थानातील हिडाल्गो परगण्यात ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही हे ठरविणारे नागरिकांचे मंडळ, निवडण्याचे काम न्यायाधीशाने नेमलेल्या मोजक्या गृहस्थांकडे असे. एका मेक्सिकन वंशाच्या आरोपीने तक्रार केली की, या निवडीत त्याच्या समाजास डावलले जाते. परगण्याच्या लोकसंख्येत मेक्सिकन वंशाचे लोक शेकडा ७९.१ होते. अकरा वर्षांत ८७० जणांस पाचारण झाले. त्यांत या समाजाचे सुमारे ६८८ असावयास हवे होते, प्रत्यक्षात होते ३३९. येथे प्रमाण विचलन सुमारे बारा येते. तेव्हा तफावत जवळजवळ एकोणतीस प्रमाण विचलनांची झाली. कास्तानेडा विरुद्ध पार्टिडा या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या एका तळटीपेत हे द्विपदी गणित मांडले, आणि अशा मोठ्या संख्यांत तफावत दोन-तीन प्रमाण विचलनांहून अधिक असेल तर निवड यदृच्छेने झाली हे गृहीत संशयास्पद ठरते, असा सर्वसाधारण दंडक सांगितला.

या निकालातील आकड्यापेक्षा पायऱ्यांचा क्रम आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. एवढी तफावत दिसताच निवड करणारे द्वेष्टे ठरले, असे न्यायालयाने म्हटले नाही. न्यायालय म्हणाले की, आता उत्तर देण्याची जबाबदारी राज्यावर आली. लोकसंख्येतील प्रत्येक जण ज्युरीस पात्र नसतो, हा आक्षेप होताच. त्याचाही विचार झाला. परंतु निवड करणाऱ्यांनी नावे कोणत्या कसोटीवर घेतली आणि कोणत्या कसोटीवर गाळली, याचा समाधानकारक पुरावा राज्याने पुढे आणला नाही. तेव्हा निकाल राज्याविरुद्ध गेला. तोही एकमताने नव्हे, पाच विरुद्ध चार मतांनी. आकड्याने प्रश्न विचारला. ज्यास विचारला त्यास बोलण्याची संधी दिली. त्याने ती घेतली नाही, तेव्हा निर्णय झाला. हाच क्रम आम्ही वर्गात पाळावयास हवा होता. "हा आकडा नेहमीचा नाही, तू नाणे कसे उडविलेस, ते दाखव पाहू," एवढे एक वाक्य पुरले असते.

दुसरे उदाहरण हॉलंडातील, आणि ते सांगताना मन जड होते. द हेग येथील एका बालरुग्णालयात परिचारिकेचे काम करणाऱ्या लुसिया द बर्क हिच्या पाळ्यांत मृत्यू व आकस्मिक प्रसंग फार घडले, अशी शंका २००१ साली घेतली गेली. फिर्यादी पक्षाच्या तज्ज्ञाने हिशेब केला की, इतके प्रसंग एकाच परिचारिकेच्या वाट्यास केवळ योगायोगाने येण्याचा संभव चौतीस कोटी वीस लाखांत एक. २००३ मध्ये तिला जन्मठेपेची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने पुढील वर्षी ती कायम केली; शिक्षा आकड्यांवर आधारलेली नाही असे त्याने म्हटले खरे, पण त्या आकड्याची छाया खटल्यावरून गेली नाही. पुढे टॉन डर्कसेन हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, त्याची वैद्य बहीण, आणि रिचर्ड गिल यांच्यासारखे संख्याशास्त्रज्ञ यांनी प्रकरण पुन्हा तपासले. तेव्हा दिसले की, जे मृत्यू आधी नैसर्गिक मानले होते त्यांतील काही, ती हजर होती असे आढळल्यावर संशयास्पद ठरविले गेले होते. म्हणजे आधी बाण मारला आणि मग त्याभोवती लक्ष्याचे वर्तुळ काढले. शिवाय सर्व परिचारिकांच्या वाट्यास प्रसंग सारख्याच संभवाने येतात हे गृहीतही टिकणारे नव्हते. ते सैल करताच तो संभव पुष्कळच वाढतो, असे या संख्याशास्त्रज्ञांनी दाखविले. २०१० च्या एप्रिलमध्ये ती निर्दोष सुटली. मधली कित्येक वर्षे तुरुंगात गेली, आणि त्याच काळात तिला पक्षाघाताचा झटकाही आला.

या प्रकरणातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर जाणारे निकाल हजारांत सुमारे तीन. हजार प्रामाणिक माणसे तपासली तर त्यांतील तीन जण, काही अपराध न करता, विलक्षण ठरणारच. देशातील सर्व रुग्णालयांतील सर्व परिचारिका, सर्व शाळांतील सर्व विद्यार्थी, सर्व कचेऱ्यांतील सर्व कारकून यांच्याकडे नजर टाकून जो सर्वांत वेगळा दिसेल त्यास बाहेर काढावयाचे, आणि मग "असे सहसा घडत नाही" म्हणावयाचे, हा शुद्ध अन्याय होय. सहसा न घडणारी गोष्ट कोणा ना कोणास घडतेच. आधी नाव ठरवून मग तपासणे, आणि तपासून मग नाव काढणे, या दोहोंत नियमाच्या दृष्टीने आकाशपाताळाचे अंतर आहे. आमच्याच हातून एवढ्या वर्षांत दोन-अडीच हजार मुलांनी तो नाणेफेकीचा गृहपाठ केला असेल. पन्नासापासून अठरा किंवा अधिक दूर जाणारा आकडा सुमारे अडीच हजारांत एकदा यावयाचा असतो. तेव्हा त्या मुलाने नाणे फिरविले नसते, रीतसर उडविले असते, तरीसुद्धा असा एखादा प्रामाणिक कागद आमच्यापुढे येणे आश्चर्याचे नव्हते.

येथे एक शंका संभवते. आकड्यावरून आरोप करावयाचा नाही, तर मग लबाडास मोकळे रानच मिळाले, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. सभापर्वातील द्यूताचा प्रसंग आठवावा. शकुनी फासे टाकतो आणि जिंकतो, पुन्हा टाकतो आणि पुन्हा जिंकतो. धन जाते, राज्य जाते, भाऊ जातात. आणि त्या भरल्या सभेत, विदुराचा अपवाद सोडला तर, खेळ थांबवा असे ठामपणे म्हणणारा कोणी निघत नाही. सरळ खेळात सलग दहा डाव एकाच बाजूस जाण्याचा संभव हजारांत एक. त्या सभेत द्विपदी गणित कोणास येत नव्हते असे म्हणून सुटका होणार नाही. डोळ्यांना दिसत होते, विचारण्याचे धैर्य नव्हते. शंका घेणे अवश्य असताना ती न घेणे, हाही दोषच आहे, आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणास द्यावी लागते. तेव्हा आमचे म्हणणे शंका घेऊ नये असे नाही. शंका निर्भयपणे घ्यावी. दोष मात्र सावकाश द्यावा. नियम पहिल्याचा परवाना देतो, दुसऱ्याचा देत नाही.

हे सर्व आपल्याशी किती निगडित आहे, हे दाखविण्यासाठी आर्बथनॉटच्या विषयाकडेच, म्हणजे मुलगे व मुली यांच्या संख्येकडे, परत यावे लागेल. निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे एकशे पाच मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. हा फरक ऐकताना लहान वाटतो. पण एक लाख बालके घेऊन हिशेब करावा. निसर्गाच्या प्रमाणाने त्यांत मुलगे सुमारे ५१,२२० असावेत; प्रमाण विचलन सुमारे १५८. २०११ च्या प्रमाणाने मुलगे होतात सुमारे ५२,८००. तफावत दहा प्रमाण विचलनांची! आणि राज्यात त्या वयाची बालके एक लाख नव्हे, सव्वा कोटींहून अधिक होती. यातील काही भाग मुलींकडे आजारपणात झालेल्या दुर्लक्षाचा असेल, बराचसा भाग जन्मापूर्वीच झालेल्या निवडीचा. पण ही यदृच्छा नव्हे, हे निश्चित. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ सालीच केला होता, आणि देशाने १९९४ मध्ये. कायदा असतानाही १९९१ नंतरच्या दोन जनगणनांत आकडा खालीच गेला.

आता तोच नियम घेऊन एखाद्या लहान गावात शिरावे. वर्षभरात वीस जन्म झाले, त्यांत चौदा मुलगे. दोन प्रमाण विचलनांच्या आतली गोष्ट. बोलण्यास जागा नाही. एखाद्या घरात शिरावे. तिन्ही मुलगेच. तीन अपत्यांच्या साडेसात घरांत एका घरी निसर्गतःच असे व्हावयाचे. त्या घरातील आईकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणासही नाही. तिने देवाजवळ मुलगी मागितलीही असेल. येणेप्रमाणे घर एकेक निर्दोष, गाव एकेक निर्दोष, आणि सारे मिळून महाराष्ट्र दोषी, अशी विचित्र स्थिती उत्पन्न होते. आकडा समाजावर जो आरोप करतो तो कोणत्याही एका दारात उभा राहत नाही. म्हणूनच प्रत्येक जण आपले दार निर्धास्तपणे लावून घेतो.

आमच्या मते येथेच या नियमाचा खरा नैतिक उपयोग आहे. दुसऱ्याच्या दारावर थाप मारण्यासाठी तो फारसा कामाचा नाही. पण "आमच्याकडे असे काही नाही" असे जेव्हा सर्वच जण म्हणतात, तेव्हा हे सर्वांचे म्हणणे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही, एवढे तो निःसंशय सांगतो. आणि मग प्रत्येकास स्वतःशीच काही विचारावे लागते. आपल्या घरातील लग्नाच्या, वाटणीच्या, बारशाच्या गोष्टींत, पहिली मुलगी झाल्यावर काढलेल्या उद्गारांत, त्या दहा प्रमाण विचलनांचा किती अंश आहे, हे कोणतीही जनगणना सांगू शकणार नाही. ते ज्याचे त्यानेच मोजावयाचे आहे.

त्या मुलाची गोष्ट पुरी केली पाहिजे. नाणे फिरवून दाखविल्यावर आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि "त्यात काय, सर," असे म्हणून निघून गेला. त्यावेळी आम्हांस मोठे समाधान वाटले. आरोप आम्ही साठ जणांसमोर केला होता आणि क्षमा बंद खोलीत मागितली, हे ध्यानात येण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. तोपर्यंत तो वर्ग पांगला होता. त्या साठांपैकी कित्येकांच्या स्मरणात तो अजूनही खोटे आकडे लिहिणारा मुलगा म्हणूनच राहिला असेल.